आजारी माणसाचे ताट



हिमायतनगरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वहीतून फाडलेल्या दोन पानांवर, पाठपोट, समासही न सोडता लिहिलेले. नाव छापू नका अशी तिची विनंती आहे, म्हणून छापत नाही. पण पत्रातला प्रश्न एका घराचा नाही. हदगाव, भोकर, किनवट, उमरखेड, कुठल्याही वस्तीत जा, असे एक तरी घर सापडेल. म्हणून या आठवड्याचे सदर या पत्रालाच दिले आहे.

भगिनी लिहिते:

"ताई, माझ्या सासूबाईंना गालाचा कॅन्सर झाला. लहानपणापासून मशेरी लावायच्या, पुढे तंबाखूची गोळी गालात धरायची सवय लागली. ऑपरेशन झाले, मग तीस दिवस शेक दिला. आजार कळला तेव्हा वजन ४८ किलो होते, आता ४१ भरते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला आणखी कमी भरले तर नाकातून नळी घालावी लागेल. इकडे घरी येणारा-जाणारा सांगतो, अंडे देऊ नका, गरम पडते. दूध देऊ नका, कफ होतो. मटणाचे तर नावच काढू नका. गोड दिले तर गाठ परत वाढते. एका झाडपाल्यावाल्याने तेल-मीठ बंद करायला सांगितले. मग राहिले काय? मी वरणाच्या पाण्यात भात कालवून देते. त्या दोन घास खातात आणि ताट सरकवतात. जाऊबाईंनी त्यांचे ताट आणि पेला वेगळा काढला आहे, लेकरांना जवळ जाऊ देत नाहीत. मी रोज मजुरीला जाते. मी काय शिजवू, एवढे सांगा."

बाई गं, तू विचारलेस ते बरे केलेस. पण काय शिजवायचे ते सांगण्याआधी मला तुझ्या जाऊबाईंशी बोलायचे आहे.

वेगळा पेला

जाऊबाई, तुम्हाला सासूबाईंचा राग नाही, तुम्हाला लेकरांची काळजी आहे, हे मी ओळखते. पण कॅन्सर हा लागणारा रोग नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्याल्याने, नातवंडाला मांडीवर घेतल्याने, पापा घेतल्याने तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. शेक संपवून घरी आलेल्या माणसाच्या अंगातून कुठले किरणही बाहेर पडत नाहीत. सलाईनमधून किंवा गोळ्यांतून केमो चालू असेल तर प्रत्येक डोसनंतर दोन दिवस रुग्णाची लघवी, संडास, उलटी साफ करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, एवढीच काळजी पुरते. त्यासाठी माणूस वेगळा काढावा लागत नाही.

आणि पेला वेगळा काढणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगायला हवे का? आपल्या आज्या-पणज्यांना वरून पाणी ओतले जायचे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते कशासाठी? ज्या समाजाने एका ओंजळ पाण्यासाठी एवढे सोसले, त्याच समाजाच्या घरात आजारी आईचा पेला कोपऱ्यात वेगळा ठेवलेला असावा, ही गोष्ट मनाला लागते. आजारी माणूस बोलत नाही, पण पाहतो. ताट सरकवण्याचे एक कारण तोंडातला फोड असेल, दुसरे कारण तो वेगळा पेलाही असेल. आजच संध्याकाळी तो पेला घरच्या भांड्यांत मिसळा. नातवंडांना आजीजवळ बसून जेवू द्या. औषधाच्या चिठ्ठीत हे लिहिलेले नसते, पण लेकरे जवळ बसली की चार घास जास्त जातात.

वजन का उतरते?

४८ वरून ४१ म्हणजे अंगाचा सातवा हिस्सा गेला. हा नुसता मेद गेलेला नाही, मांस गेलेले आहे. कॅन्सरमध्ये शरीराचा सारा कारभार बिघडतो. गाठीमुळे शरीरात सतत एक प्रकारचा दाह चालू राहतो, भूक मरते, आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरू लागते. त्यात तोंडाचे ऑपरेशन आणि शेक, म्हणजे तोंड सोलवटलेले, लाळ आटलेली, चव गेलेली, जबडा आखडलेला. माणूस खाणार कसा?

वजनाला डॉक्टर एवढे महत्त्व का देतात, तेही समजून घ्या. अंगात ताकद नसली की जखम भरत नाही, जंतू लवकर शिरतात, रक्त कमी होते आणि उपचार मध्येच थांबवावे लागतात. शेकामध्ये खंड पडला तर त्याचा गुण कमी होतो. केमोच्या औषधाचे प्रमाणही बहुधा उंची आणि वजनावरूनच ठरवतात. सहा महिन्यांत वजन शेकडा ५ हून जास्त उतरले तर ते धोक्याचे समजतात. सासूबाईंचे शेकडा १४ हून जास्त उतरले आहे. म्हणून हा प्रश्न पथ्याचा नाही, उपचाराचाच भाग आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. कोणत्याही अन्नाने कॅन्सर बरा होत नाही. बरा करण्याचे काम ऑपरेशन, शेक आणि औषधे यांचे. ते सोसण्याइतके बळ अंगात ठेवणे, हे काम मात्र ताटाचे. तेवढे काम त्याच्याकडून पूर्ण करून घ्यायचे.

सांगणाऱ्यांची पथ्ये

आता येणारे-जाणारे काय सांगतात ते एकेक पाहू.

अंडे गरम पडते. अंड्याने जखम चिघळत नाही. उलट जखम भरायला प्रथिने लागतात आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने असतात. स्वस्त आणि मऊ, तोंड दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीचे काही नाही. फक्त अंडे पूर्ण शिजलेले हवे. कच्चे अंडे दुधात फेटून देऊ नये.

दूध कफ करते. दूध प्याल्यावर घशाला जरा चिकट वाटते, तो कफ नव्हे. उकळून कोमट केलेले दूध चालते. दुधाने पोट बिघडत असेल तर दही, ताक, कढी द्यावी.

मटण नको. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बकऱ्याचे, गुराचे, डुकराचे लाल मांस कॅन्सरला बहुधा कारण ठरते, आणि खारवून, धुरावून टिकवलेले मांस निश्चित कारण ठरते, असे जाहीर केले. ही गोष्ट खरी आहे. पण ती वर्षानुवर्षे भरपूर मांस खाणाऱ्या धडधाकट माणसांविषयी आहे. वजन उतरत चाललेल्या रुग्णाला आठवड्यातून एकदा-दोनदा वाटीभर मऊ शिजवलेले मटण, कोंबडी, मासा किंवा काळीज मिळाले तर त्याचे भलेच होते. ज्यांनी स्वखुशीने मांस सोडले आहे त्यांनी डाळ, दूध, सोयाबीन वाढवावे. पण घरातल्या आजाऱ्यावर दुसऱ्याने आपला नेम लादू नये. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते, त्याची नोंद शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात करून ठेवली आहे. त्या अन्नाला हलके म्हणणाऱ्यांनी म्हणू दे. काळजातले लोह आणि प्रथिने शिजवणाऱ्याची जात विचारत नाहीत.

गोड दिले तर गाठ वाढते. या समजुतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले की कॅन्सरच्या पेशी साखर फार वेगाने वापरतात. पण साखर मेंदूही वापरतो, हृदयही वापरते. आपण साखर बंद केली तर शरीर स्वतःचे मांस वितळवून साखर तयार करते, आणि गाठ तीही घेते. उपाशी राहते ते माणूस, गाठ नव्हे. म्हणून पेजेत गूळ, दुधात साखर जरूर घाला. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

तेल-मीठ बंद. तोंडात फोड असताना मीठ-तिखट झोंबते, म्हणून कमी करणे वेगळे. पण तेल-तूप बंद करणे म्हणजे आजाऱ्याची शिदोरी काढून घेणे. एक चमचा तेलात किंवा तुपात ४५ उष्मांक असतात. दोन घास खाणाऱ्याच्या त्या दोन घासांत एक चमचा तूप असेल तर ते दोन घास कामाचे होतात.

हे सारे सांगताना मी कोणी मोठी शहाणी आहे असे समजू नका. माझ्या वडिलांच्या आजारपणात आम्हीही कोणाच्या सांगण्यावरून त्यांचे अंडे आणि दूध बंद केले होते. ते एकदा म्हणाले, "पोरी, एक अंडं उकड गं." मी म्हणाले, "दादा, पथ्य आहे." पुढे दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी मला समोर बसवून सगळे समजावले, तेव्हा उशीर झाला होता. ते अंडे मी अजून विसरले नाही. म्हणूनच हे सदर लिहिते आहे.

भगवंतांची पाच औषधे

काही घरांत उपोसथाचा प्रश्न निघतो. आजारी उपासिका म्हणते, पौर्णिमेला मी दुपारनंतर खाणार नाही. तिला विनयपिटकातली एक गोष्ट सांगा. श्रावस्तीला शरद ऋतूत भिक्खू आजारी पडले. पेज पोटात ठरेना, जेवण ठरेना. ते वाळले, फिकट पडले, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी ते पाहिले आणि विचार केला की औषधही होईल आणि अंगही धरेल असे यांना काय द्यावे? त्यांनी पाच पदार्थांची परवानगी दिली: तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी. आणि ते वेळेतच घ्यावेत ही अटही आजाऱ्यांसाठी काढून टाकली.

पाहा, ही यादी आजच्या आहारतज्ज्ञाच्या कागदाशी किती जुळते! थोडक्या घासात जास्त बळ देणारे पदार्थ, आणि भूक लागेल तेव्हा. नियम माणसासाठी असतो, हे भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवून दिले. तेव्हा आजारपणात उपवास नको. शील पाळायला अन्न सोडावे लागत नाही.

दिवसाचा हिशेब

आता तुझा मूळ प्रश्न. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते दीड ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३० उष्मांक लागतात. सासूबाईंसाठी आपण ५० ते ६० ग्रॅम प्रथिने आणि वजन सावरायचे म्हणून साधारण १४०० उष्मांक धरू. आकडे पाहून घाबरू नकोस. ते असे भरतात:

दोन अंडी: १२ ग्रॅम.
अर्धा लिटर दूध, किंवा त्याचे दही: १६ ग्रॅम.
मूग, मसूर किंवा तुरीची डाळ ६० ग्रॅम, म्हणजे दिवसभरात दोन वाट्या घट्ट वरण: १३ ग्रॅम.
मूठभर शेंगदाण्यांचे बारीक कूट: ७ ग्रॅम.
ज्वारी १०० ग्रॅम, कण्या किंवा पेजेच्या रूपात: १० ग्रॅम.

बेरीज ५८ झाली. त्यात चार चमचे तेल-तूप आणि सुपारीएवढे दोन खडे गूळ घातला की उष्मांकही भरतात. दोन घास खाणारी बाई हे सगळे दोन जेवणांत खाऊ शकणार नाही. म्हणून दोनदा जेवण ही पद्धत काही महिने विसरायची. दिवसातून सहा-सात वेळा, दर दोन-अडीच तासांनी, वाटी-वाटीने द्यायचे.

सकाळी उठल्यावर कपभर दूध, त्यात दोन चमचे घरचे पीठ. ते पीठ असे कर: एक वाटी डाळवं, एक वाटी ज्वारी, अर्धी वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी सोयाबीन, सगळे वेगवेगळे खमंग भाजून गिरणीतून बारीक दळून आण. दुधात किंवा पाण्यात शिजवून गूळ घालून द्यायचे. सोयाबीन कच्चे कधीही वापरू नये, नीट भाजून मगच दळावे. हिमायतनगरच्या शिवारात पोत्यांनी सोयाबीन पिकते आणि सगळे आडतीला जाते. काढणीच्या मजुरीतून चार-पाच किलो घरी ठेवले तर शेकडो रुपयांच्या डब्यातल्या पावडरीची गरज उरत नाही.

नऊ-दहा वाजता अंडे. उकडून, कुस्करून मऊ भातात; किंवा शिजत्या वरणात फेटून सोडायचे आणि पूर्ण शिजू द्यायचे.

दुपारी ज्वारीच्या कण्या ताकात, नाहीतर मुगाची मऊ खिचडी, वरून चमचाभर तूप. तीन-साडेतीनला पिकलेले केळे दुधात कुस्करून. संध्याकाळी हुलग्याचे माडगे, किंवा कोंबडीचा, पायाचा रस्सा. नुसते वरचे पाणी नको, कारण पाण्यात चव उतरते, प्रथिने मांसातच राहतात. मांस मऊ शिजवून, बारीक करून रश्शात मिसळावे. रात्री घट्ट वरण-भात, त्यात शेंगदाण्याचे कूट. झोपताना अर्धा कप दूध.

तुझी चूक एकच होत होती. तू वरणाचे पाणी देत होतीस. वरण दे, डाळ घोटून दे.

मजुरीला जाण्याआधी दुधाची आणि माडग्याची सोय करून जा. शाळेतून आलेल्या नातवाकडे चार वाजताच्या वाटीचे काम दे. गडीमाणसांनाही सांगते, अंडे उकडायला बाईच लागते असे कुठे लिहिले आहे? आणि एक जुनी खोड सोडा: घरातली बाई सगळ्यांत शेवटी, उरलेले खाते. आजारी बाईही तेच करते. कॅन्सर झालेली बाई आधी जेवेल, हा नियम घरात करा.

तोंड दुखते तेव्हा

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून ठेवावा. दिवसातून पाच-सहा वेळा त्याने चूळ भरावी आणि थुंकून टाकावी. दुखणे कमी करणारे औषध डॉक्टरांनी दिले असेल तर खाण्याआधी अर्धा तास द्यावे. अन्न कोमट किंवा गार असावे, कढत नको. तिखट, लिंबू, चिंच, भाकरीचे कडक पापुद्रे काही दिवस बाजूला. शेकानंतर लाळ कमी होते, म्हणून प्रत्येक पदार्थ ओला करून द्यावा आणि पाण्याचा पेला हाताशी ठेवावा. चव परत यायला काही महिने लागतात. "काहीच चव लागत नाही" असे त्या म्हणाल्या तर सुनेच्या हाताला नावे ठेवत नाहीत, हे ध्यानात ठेव.

मळमळत असेल तर लाह्या, सुके मुरमुरे असे कोरडे थोडे थोडे, आणि चुलीच्या वासापासून त्यांना दूर बसव. जुलाब झाले तर तांदळाची पेज, ताक आणि क्षार-साखरेचे पाणी. दुखण्याच्या काही औषधांनी शौचाला खडा होतो, तेव्हा पाणी आणि मऊ शिजवलेल्या पालेभाज्या वाढवाव्यात आणि डॉक्टरांना सांगावे.

केमो चालू असलेल्यांनी आणखी एक पाळावे. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा जंतूही भारी पडतो. पाणी उकळून, अन्न ताजे आणि पूर्ण शिजलेले, शिळे नाही, बाजारातली कापून ठेवलेली फळे नाहीत. ताप १००.४ च्या वर गेला तर घरी काढा करत बसू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा. रात्र असली तरी.

खाताना ठसका लागत असेल, घास नाकातून येत असेल, तर जबरदस्तीने भरवू नका. अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. तेव्हा डॉक्टर नळी सांगतील. नळीला भिऊ नका. नळी म्हणजे शेवट नव्हे, ती तोंड बरे होईपर्यंतची दुसरी वाट आहे. हीच पेज, डाळ, दूध पातळ करून, फडक्यातून गाळून, दर दोन-तीन तासांनी पेलाभर सोडता येते. देताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास माणूस टेकून बसलेला हवा, आणि शेवटी स्वच्छ पाणी सोडून नळी धुवायची.

दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर वजन करा. आडत दुकानाचा काटा चालेल. वहीत तारीख घालून लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

झाडपाला आणि पैसा

झाडपाल्यावाल्याला किती पैसे दिले, ते तू लिहिले नाहीस. मी विचारणार नाही. २०१८ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. बरा होण्याजोगा कॅन्सर असतानाही ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून नुसते पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. गोमूत्र असो, गव्हांकुराचा रस असो की कुठली मुळी असो, त्याने गाठ विरघळते याला पुरावा नाही. शिवाय काही पाले औषधाशी भांडतात, यकृताला बाधतात. काही द्यायचेच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मुळीचे पैसे अंड्यांना वापरा.

पैशाचा प्रश्न मी विसरलेले नाही. शिधापत्रिकेवर माणशी ५ किलो धान्य मिळते, पण तांदूळ-गव्हावर आजारी माणूस उभा राहत नाही. क्षयरोग्याला सरकार पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देऊ लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. कॅन्सरचा गरीब रुग्ण त्या योजनेत बसत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन होते, केमो होते. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेडही होता. पण घरी आल्यावरच्या दोन अंड्यांचे काय? ही मागणी आपल्या ग्रामसभांनी, महिला मंडळांनी लेखी करायला हवी.

तोवर जे आहे ते तरी पदरात पाडून घ्या. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात तिकीट पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एकाला शेकडा ७५ सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर राहणाऱ्यांनी तो आवर्जून मागून घ्यावा.

मुंबईला जाणाऱ्यांना एक सांगते. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा रुग्णालय परळला आहे. याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे कॅन्सरच्या गोरगरीब रुग्णांची राहण्या-जेवणाची सोय होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती देणारे हेच गाडगेबाबा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, ते गेले. भुकेल्याला अन्न द्या, हेच ते आयुष्यभर सांगत राहिले. फुटपाथवर झोपण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याची चौकशी करा, लाजू नका.

आणखी दोन गोष्टी

पहिली, घरातल्या इतरांविषयी. सासूबाईंची मशेरी सुटली असेल, पण घरात दुसऱ्या कोणाच्या खिशात पुडी आहे का? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारा फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तीन बोटे उभी जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड दिसले तर लगेच दाखवा. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होतो. आणि उपचारानंतर पुन्हा तंबाखू धरली तर इतके सगळे खाऊ घालूनही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिते. काही घरांत असा दिवस येतो की डॉक्टर सांगतात, आता गाठ हाताबाहेर गेली. तेव्हा माणसाची भूक आपोआप संपत जाते. ते शरीराचे मिटत जाणे असते. तुम्ही उपाशी मारत नाही. अशा वेळी तोंडात घास कोंबू नका, त्याने त्रासच होतो. ओठ ओले ठेवा, मागेल तेवढे, मागेल ते द्या, मग ते भजे का असेना. हात हातात धरून बसा. घास गेला नाही म्हणून सुनेला, लेकीला दोष देऊ नका.

पण बाई, तुझ्या सासूबाईंची ती वेळ नाही. त्यांचे ऑपरेशन झाले आहे, शेक झाला आहे, डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे. त्यांना आता बळ हवे आहे, आणि ते तुझ्या चुलीवर आहे. पुढच्या तपासणीला काटा काय दाखवतो, ते मला दोन ओळी लिहून कळव. ४१ चे ४२ झाले तरी ती आपली जीत समज. आणि वजन नाहीच वाढले तरी स्वतःला दोष न देता लिही. मग आपण पुढचा विचार करू.

आणि हो, तो वेगळा पेला घरच्या भांड्यांत मिसळला का, तेही कळव.

नमो बुद्धाय! जयभीम!